एल्मरिजच्या गढीचा दगड

रेहा क्लिनिक, म्युनिकच्या दक्षिणेला
३ फेब्रुवारी २०२५

स्नेहे,

पलंगावर बसून लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं आलं तर नाक मुरडू नकोस. मी पडले. जानेवारीत, आमच्या ग्यिझिंगच्या स्टेशनबाहेर, बर्फावरून घसरून. हातात मेथीची जुडी होती, ती सोडवेना, म्हणून हात टेकता आला नाही. जन्मभर पेशंटना सांगत आले की पडताना हातातलं टाकून द्या. पण म्युनिकमध्ये ताजी मेथी मिळाली होती गं! कशी टाकणार?

डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत खिळा घातलाय. तेवढ्याने मी रडत नाही, तू मला ओळखतेस. मिरजेच्या नर्सिंग हॉस्टेलपासून ओळखतेस. रडू आलं ते नंतर. इथल्या सोत्सियालडीन्स्टच्या, म्हणजे समाजसेवा विभागाच्या बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "फ्राऊ बिडकर, तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढता आला तर घरी. नाहीतर प्फ्लेगेहाइमचा विचार करू या." म्हणजे वृद्धाश्रम. मऊ आवाजात सांगितला म्हणून काही तो वेगळा होत नाही.

कुमार गेल्यापासून मी त्या घरात एकटी राहते आणि चांगली राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा कढीपत्ता आहे. खाली ट्राम आहे. खालच्या मजल्यावर फ्राऊ हूबर आहे, तिच्याशी तेवीस वर्षं भांडतेय. हे सगळं सोडून मी कुठे जाऊ?

मयुरेश शनिवारी एवढ्या लांब एश्बॉर्नहून आला होता. त्याच्या घराजवळ त्याने एक जागा बघूनसुद्धा ठेवलीय. तळमजल्याची खोली, समोर बाग. फोनवर फोटो दाखवत होता. तनया बिचारी मधेच म्हणाली, "अहो आई, आम्हाला रोज येता येईल." पोरं वाईट नाहीत गं, घाबरली आहेत. मी सांगितलं, मी घरी जाणार आणि चढून जाणार.

फोन करू नकोस. तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि माझ्या खोलीतली बाई दचकते. पत्र लिही. तुझ्या त्या गढीबद्दल लिही काहीतरी. इथे सगळ्या जणी फक्त खुब्याबद्दल बोलतात.

तुझी
ऊर्मिला


एल्मरिज, नॉर्थंबरलंड
१२ फेब्रुवारी

प्रिय ऊर्मे,

मेथीसाठी हाड मोडणारी पृथ्वीवर तू एकटीच असशील. वाचून आधी हसले, मग हसल्याची लाज वाटली, मग परत हसले.

पाकिटावरचा पत्ता नवा आहे, घाबरू नकोस. पीटर गेल्यापासून ते घर मला थंडीत फार मोठं पडतं, म्हणून हिवाळ्यापुरती गावातच एका लहान जागेत आलेय. तळमजला आहे, ऊबदार आहे. सकाळी साडेसातला नाश्ता, संध्याकाळी पाचला जेवण, मग खिडकीशी बसते. खिडकीतून गढी दिसते.

गढीबद्दल विचारलंस. इंग्रजीत तिला फोर्टिफाइड हाऊस म्हणतात, पण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तोंडातून गढीच निघालं. तुमच्या गावातल्यासारखीच की! किल्ला म्हणावा तर लहान, घर म्हणावं तर भिंती चार हात जाड. सहाशे वर्षांपूर्वी इथल्या एका जमीनदाराने राजाची परवानगी काढून बांधली, उत्तरेकडून स्कॉट लोक गुरं पळवायला यायचे म्हणून. आता एक बुरूज उरलाय आणि दक्षिणेची भिंत. वरच्या मजल्याची चूल त्या भिंतीत अजून आहे, नीट काळी झालेली, पण तिच्यासमोरची जमीन पडून गेलीय. नुसती चूल, अधांतरी. बुरुजात गोल जिना आहे, तो अर्ध्यावर जाऊन आभाळात उघडतो. रविवारी माणसं येतात, त्यांना मी हेच सांगते. वरच्या संडासाची मोरी दाखवली की पोरं सगळ्यात जास्त खूश होतात.

बाकीचे दगड गावाने नेले. चर्चच्या कुंपणात आहेत, पबच्या शेकोटीत आहेत. तुमच्या गावात नाही का, गढीची पांढरी माती पाट्या भरभरून नेत आणि माळवदावर टाकत? सुट्टीत तुझ्याबरोबर आले होते तेव्हा तुझ्या आईने मलाही पाटी दिली होती डोक्यावर. म्हणाल्या होत्या, ही माती घरावर असली की घर गळत नाही.

सोबत एक वस्तू पाठवतेय. उशाशी ठेव.

तुझी
स्नेहलता


रेहा क्लिनिक
२१ फेब्रुवारी

भवाने,

दगड? पार्सल जड लागलं तेव्हा मला वाटलं शंकरपाळे. खोलीतल्या बाईलाही सांगितलं, थांबा, आता तुम्हाला आमच्याकडचा खाऊ देते. दोघी वाट बघत बसलो, पाकीट उघडलं आणि आतून निघाला धोंडा! तिने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि शहाणीसारखी परत माझ्या हातात दिला.

मला खरंच राग आला होता, सांगून टाकते. मोडून पडलेल्या बाईला पडक्या घराचा दगड कोण पाठवतं? तुला म्हणायचंय तरी काय? दोन दिवस तो खिडकीत तोंड फिरवून ठेवला होता. मग आईची पाटी आठवली. गढीची माती घरात आणणं ही आमच्याकडे चांगली गोष्ट होती, तेही आठवलं. आता उशाशी आहे. एका बाजूला छिन्नीच्या रेघा आहेत, अंगठा बरोबर बसतो. व्यायामाला जाताना कोटाच्या खिशात टाकते.

व्यायाम फ्राऊ लेखनर घेते. बव्हेरियन बाई, हात असे की पोळ्या लाटल्या असत्या तर गावजेवण झालं असतं. पहिल्या दिवशी मला शिकवायला लागली, "चढताना धड पाय आधी, उतरताना मोडका पाय आधी." मी म्हटलं, बाई, हे मी तुमच्या जन्माच्या आधीपासून लोकांना शिकवतेय. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. मग करून दाखवा." करून दाखवता आलं नाही गं. सांगणं सोपं असतं. पायरीवर उभी राहिले आणि डावा पाय माझा नाहीच असं वाटलं. घाम फुटला. पण रोज जातेय. दुपारी विश्रांतीच्या वेळात बाकीच्या झोपल्या की मी परत कॉरिडॉरमधून फेऱ्या मारते.

मयुरेश परत आला होता. ह्या वेळी घर सोडण्याची नोटीस टाइप करून, माझी सही तेवढी हवी होती.

"आई, हे फक्त तयार ठेवू. आल्झो, म्हणजे नुसतं असू दे."

"नुसतं असू दे तर सही कशाला?"

"आई, तुला चढता नाही आलं तर? रिकाम्या घराचं काय करायचं?"

"आणि आलं तर? इतक्या वर्षांपूर्वीचा करार आहे माझा. एकदा सोडलं की म्युनिकमध्ये मला परत कुणी घर देईल का?"

तो कागदाची घडी घालायला लागला. अगदी त्याच्या बाबांसारखा खाली बघून. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि कानाखाली वाजवावीशीही वाटली. सही केली नाही.

पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. डॉक्टर आणि सोत्सियालडीन्स्टच्या बाईंसमोर जिना चढून दाखवायचा. मला एक सांग, तुझा तो आभाळात उघडणारा जिना, त्याच्या टोकाला गेलं की काय दिसतं?

ऊर्मिला


एल्मरिज
१ मार्च

प्रिय ऊर्मे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शंकरपाळ्यांबद्दल माफ कर. इथे सध्या माझ्याकडे तळणं होत नाही. परवा आम्हाला जेवणानंतर पिवळी जेली होती, ती मात्र मी पाठवू शकले असते.

जिन्याच्या टोकाला लोखंडी जाळी आहे. जाळीतून समोर ती अधांतरी चूल दिसते, अगदी डोळ्यांच्या रेषेत. खालून बघितली तर ती पडकी वाटते. वरून बघितली तर वाटतं, कुणीतरी आत्ताच पातेलं उतरवून आत गेलंय.

पण तुला एक सांगू का? रागावू नकोस. इथे गढीची देखभाल करणारी माणसं आहेत ना, ती पडलेलं काही परत बांधत नाहीत. मला पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं. दगड तिथेच पडलेत, लावा की वर! पण नाही. उरलंय तेवढं पडू नये, इतकंच बघतात. सांध्यांत चुना भरतात, भिंतीच्या माथ्यावर गवत लावतात, म्हणजे पाणी आत मुरत नाही. मिस्टर डग्लस, इथले राखणदार, म्हणतात की पाडापाडीपेक्षा हौसेने केलेल्या दुरुस्तीने जास्त भिंती गेल्यात.

आपलं वय आता तसंच नाही का? उरलंय ते जपायचं. तू हट्ट करून जिना चढायला जाशील आणि दुसरा खुबा मोडून घेशील. मयुरेश सांगतो ते इतकं वाईट नसतं. तळमजल्याची खोली बरी असते गं. ऊब असते, वेळच्या वेळी जेवण येतं, रात्री कुणीतरी डोकावून जातं. सवय होते. पहिले काही दिवस जड जातात, मग माणूस खिडकीशी बसायला शिकतो.

तुझी
स्नेहलता


रेहा क्लिनिक
९ मार्च

स्नेहे,

परीक्षेत नापास झाले. आधी ते सांगते, मग तुझ्याकडे बघते.

पहिला टप्पा चढले. दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर पाय थरथरायला लागला आणि फ्राऊ लेखनरने मागून धरलं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मयुरेश जिन्याच्या खाली उभा होता आणि त्याचं तोंड असं झालं होतं की जणू तोच नापास झालाय. खोलीत आल्यावर मी खूप रडले. आवाज करून रडले. तुझं पत्र तेव्हा समोर होतं. वाटलं, स्नेही म्हणतेय ते बरोबर असेल. द्यावी सही करून.

पत्र परत उचललं, आणि ह्या वेळी ते मैत्रिणीसारखं न वाचता सिस्टरसारखं वाचलं.

पाचला जेवण? बाई, तू जन्मात कधी रात्री साडेआठच्या आधी जेवली नाहीस. हॉस्टेलमध्ये ह्यावरून मेट्रनशी भांडली होतीस. पाचला कोण जेवतं? वॉर्ड जेवतो. संध्याकाळच्या पाळीचा स्टाफ मोकळा व्हायला हवा म्हणून पाचला ताटं येतात, ती मी स्वतः इतकी वर्षं वाटलीत. आणि "आम्हाला" जेली होती? आम्हाला म्हणजे कुणाला? एकट्या बाईच्या घरात पिवळी जेली कोण वाढतं? रात्री डोकावून कोण जातं?

तू वृद्धाश्रमात आहेस. हिवाळ्यापुरती लहान जागा म्हणे! मला, ऊर्मिलेला, थाप मारतेस?

बरं, तुझं काय मोडलंय? ते तरी सांग. मोडलं असतं तर तू पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस. मी माझा खुबा लिहिल्यावर तू तुझा लिहिला नसतास, असं कसं होईल? माझी खात्री आहे, तुझं काही मोडलेलं नाही. तू नुसती बसलीयेस. धडधाकट पाय घेऊन बसलीयेस, आणि वर मला गढीचं तत्त्वज्ञान सांगतेस! भिंतीला पाय नसतात म्हणून ती उभी आहे तिथे उभी राहते. मला पाय आहेत. एकात खिळा आहे, पण आहेत.

आणि दगड. तू तिथली गाइड, लोकांना खडासुद्धा उचलू देत नाहीस, हे तूच मला किती वेळा लिहिलंयस. तू स्वतः गढीचा दगड उचललास? आता मला कळलं कधी उचललास. शेवटच्या दिवशी. परत जायचं नाही असं ठरवून.

तर ऐक. फ्राऊ लेखनरने डॉक्टरांशी वाद घालून मला मुदतवाढ मिळवून दिलीय. मी तो जिना चढणार. घरी जाणार. मग हा दगड घेऊन तिकडे येणार आणि जिथला आहे तिथे तुझ्या हाताने परत ठेवायला लावणार. मी चढून येईन, तू चालून ये.

रागावलीस तर रागाव. पण उत्तर दे.

ऊर्मिला


ग्यिझिंग, म्युनिक. माझं घर!
३० मार्च

स्नेहे,

तुझं उत्तर नाही. मी जास्त बोलले का? बोलले असेन. तरी मागे घेत नाही.

वरचा पत्ता वाच. परत वाच. मी माझ्या ओट्याशी बसून लिहितेय.

दुसऱ्या परीक्षेत पास झाले. मधल्या दिवसांत फ्राऊ लेखनर मला व्यायामाच्या वेळेव्यतिरिक्त खऱ्या जिन्यावर घेऊन जायची. औषधांच्या गाड्या बाहेर लागतात तिथला मागचा जिना. मी थांबले की म्हणायची, "फ्राऊ बिडकर, तुमची मैत्रीण काय म्हणेल?" मी तिला तुझं सगळं सांगितलंय. तिचं मत माझ्यासारखंच आहे.

पण क्लिनिकचा जिना वेगळा आणि आपला वेगळा. आमचा लाकडी, पायऱ्या मधे झिजलेल्या, कठडा एकाच बाजूला. मयुरेश मागे चालत होता, दोन्ही हात पुढे करून, मी त्याला सायकल शिकवताना धावायचे अगदी तसा. पुढे तनया, माझी पिशवी घेऊन, उलटी चढत, "अहो आई, सावकाश, अहो आई, सावकाश." मी म्हटलं, तू आधी सरळ चाल, नाहीतर आपल्या दोघींनाही एकच खोली मिळेल.

पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम गेला. पाय जागचा हलेना. वरती अजून एक मजला बाकी. मयुरेश हळूच म्हणाला, "आई, खाली जाऊ या का?" तेवढ्यात फ्राऊ हूबरचं दार उघडलं. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून वळणावर ठेवली आणि मला दटावलं, "बसा. जिना कुठे पळून जात नाही." मी बसले. तेवीस वर्षांत तिचं पहिल्यांदा ऐकलं. बसून खिशातल्या दगडावर अंगठा फिरवला, तुला दोन शिव्या दिल्या आणि उठले. धड पाय आधी.

दारात पोचल्यावर मयुरेशने कुलूप उघडलं, आणि मग तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून रडला. माझा एवढा मोठा मुलगा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ती नोटीस त्याने खिशातून काढली आणि चार तुकडे केले. मी म्हटलं, पपीयरच्या, कागदाच्या डब्यात टाक, साध्या कचऱ्यात नको, फ्राऊ हूबर बघतेय.

कढीपत्ता वाळलाय. पण मुळाशी हिरवा आहे, मी नखाने खरवडून पाहिलं.

आता तुझी पाळी. लिही. एक ओळ लिही, पण लिही.

ऊर्मिला


एल्मरिज
१० एप्रिल

ऊर्मे,

एक ओळ म्हणालीस म्हणून एवढे दिवस एक ओळ शोधत होते. सापडली नाही, म्हणून आता सगळंच लिहिते.

तुझं ९ मार्चचं पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवलं आणि ठरवलं की तुला परत कधी लिहायचं नाही. इतका राग आला होता. नंतर कळलं की राग तुझा नव्हता.

तू म्हणतेस ते खरं आहे. माझं काही मोडलं नाही. ऑक्टोबरात घरातल्या जिन्यावर पाय घसरला, दोन पायऱ्या, बस्स. नुसता मुका मार लागला. पण पडले तिथे पडूनच राहिले गं. उठता येत होतं, उठले नाही. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच. वाटलं, उठून करायचं काय? वर पीटर नाही, खाली पीटर नाही. माझ्या नीलचा फोन वाजत राहिला आणि मी ऐकत राहिले. शेवटी तो लंडनहून धावत आला, माझी अवस्था बघून घाबरला, म्हणाला हिवाळ्यापुरतं इथे राहा. मी लगेच हो म्हटलं. तू सही केली नाहीस. मी विचारलं पेन कुठंय.

इथली माणसं चांगली आहेत, त्यांना बोल नको लावू. ती उठवायला येतात, मीच म्हणते उद्या. खिडकीतून गढी दिसते म्हणून मी ही खोली मागितली. नंतर महिना-महिना पडदा उघडला नाही. रविवारी माणसं येतात असं तुला लिहिलं, ती येत असतील. मी तिथे नसते.

दगडाचंही तुझं बरोबर आहे. इथे यायच्या आदल्या दिवशी नीलला म्हटलं, गाडी एक मिनिट थांबव. भिंतीशी पडलेला होता, उचलला. तुमच्याकडे सगळं गाव गढीची माती न्यायचं त्यात कुणाला काही वाटलं नाही, आणि मला इथे चोरासारखी धडधड झाली. मग तो कपाटात पडून होता. तुझं खुब्याचं पत्र आलं तेव्हा वाटलं, माझ्याकडे तो मरूनच पडणार, निदान तुझ्या उशाशी तरी जागा राहील.

परवा तुझं घराचं पत्र आलं. फ्राऊ हूबरच्या खुर्चीपाशी मला इतकं रडू आलं की आमची सिस्टर धावत आली. मुलगी आहे, केरळची, ज्योत्स्ना. तिला म्हटलं, माझे बूट कुठे आहेत? तिला ते शोधायलाच वेळ लागला, इतके आत गेले होते. आज मी फाटकापर्यंत जाऊन आले. फाटक काही लांब नाही. पण येताना धापा टाकत होते आणि मजेत होते.

गढीपर्यंत चढ आहे. मला जमेल का माहीत नाही.

स्नेहलता


ग्यिझिंग
२२ एप्रिल

स्नेहे,

जमेल का हे तुला कुणी विचारलंय? मी विचारलं नव्हतं.

विमानाचं तिकीट काढलंय, जूनच्या पहिल्या आठवड्यात. मयुरेश सोबत येतोय, त्याने स्वतःच सुट्टी मागितली. इंग्लंडला यायला मला काय त्रास, जर्मन पासपोर्टवाली बाई मी. त्रास फक्त एवढाच की हातातल्या सामानात धोंडा आहे आणि तो मी मोठ्या बॅगेत टाकणार नाही, हरवला तर? विमानतळावर विचारतील तेव्हा सांगेन, घरी सोडायला चाललेय.

तू रोज फाटकापर्यंत जा. मग फाटकाच्या बाहेर जा. धापा लागल्या तर थांब, बस, पण ज्योत्स्नाला हाक मारून खुर्ची मागून घे आणि परत ऊठ. परत ऊठ, हे मुख्य. मला माहीत आहे बसलेलं कसं वाटतं. मी नापास झाले त्या दिवशी मलाही बसावंसं वाटलं होतं, अगदी कायमचं. तुझ्यावर संतापले म्हणून उठले. त्या अर्थाने माझ्या घराचं अर्धं भाडं तू भरलंयस.

कढीपत्त्याला पान फुटलंय. एकच आहे, पण तकतकीत.

ऊर्मिला


एल्मरिज
१५ जून

प्रिय ऊर्मे,

तू गेल्यापासून इथे सगळे तुझ्याबद्दलच विचारतात. "ती आरडाओरडा करणारी मैत्रीण परत कधी येणार?" असं विचारतात. मी सांगते, आरडाओरडा नाही, ती मराठी आहे.

मला परत एकदा सगळं लिहून काढायचंय. तू होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहू दे. माझ्या बाजूने.

तू गाडीतून उतरलीस, हातात कुबडी, आणि मला पहिलं वाक्य बोललीस, "किती बारीक झालीस गं मेले!" मग दोघी रडलो, आणि मयुरेश गाडीतल्या पिशव्या परत परत मोजत राहिला. मग चढ. तू कुबडीवर, मी तुझ्या दुसऱ्या हातावर. मला वाटत होतं मी तुला धरलंय. तू नंतर म्हणालीस की तुला वाटत होतं तू मला धरलंयस. दोन बाकांवर बसलो. दोन्ही बाकांवरून उठलो.

मिस्टर डग्लस गढीच्या फाटकाशीच उभे होते. मी सगळं पाठ करून ठेवलं होतं, पण दगड हातावर ठेवला आणि नुसतं म्हटलं, "हा मी नेला होता." त्यांनी तो उलटसुलट पाहिला. म्हणाले, इथला आहे खरा, पण भिंतीतला कुठला ते आता कुणाला सांगता येणार नाही. सुट्या दगडांच्या पेटीत ठेवू. त्यावर तू जी उसळलीस! "सहाशे वर्षं भिंतीत होता आणि आता पेटीत?" ते बिचारे समजावत होते की पडलेला दगड आम्ही परत लावत नाही. तू कुबडी उचलून खुबा दाखवलास आणि म्हणालीस, "हा पडला होता. लावला की नाही?" ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. दगड पेटीतच गेला, पण त्यांनी पेटी मला उचलून शेडमध्ये ठेवायला लावली. आणि म्हणाले, रविवारी कुणीच गोष्ट सांगत नाही हो हल्ली, लोक नुसते फोटो काढून जातात.

मग जिना. तू खाली थांबशील असं मला वाटलं होतं. तू आधी गेलीस. धड पाय आधी. मी मागून. आत अंधार आहे, दगड गार आहेत, कठड्याला दोर आहे. मला तुझा श्वास ऐकू येत होता, यंत्राने शिट्टी न मारता. जाळीपाशी पोचलो, आणि समोर ती चूल. तू जाळीला कपाळ टेकून ती नीट पाहून घेतलीस. मग म्हणालीस, "स्नेहे, हिच्यासमोर जमीन नाही म्हणून ही थंड आहे. तुझ्या घरी जमीन आहे." एवढंच. आणि उतरायला लागलीस, मोडका पाय आधी.

तर आता ऐक.

नीलला काल फोन केला. सांगितलं, घर विकायचं नाही. तो घर शरद ऋतूत विकायला काढणार होता, मला म्हणाला नव्हता, पण मला माहीत होतं. माझी झोपायची खोली तिथे वरती आहे, तेरा पायऱ्या आहेत आणि त्यातल्याच दोनवर मी पडले होते. तो म्हणाला, "आई, तो जिना?" मी म्हटलं, जिन्याचं मी बघते. दिवाळीला मी माझ्या घरात असेन आणि शंकरपाळे तळेन. तुला पाठवीन. ह्या वेळी खरे.

गेल्या रविवारी गढीवर होते. अकरा माणसं होती आणि एक कुत्रा. संडासाची मोरी दाखवल्यावर पोरं खूश झाली.

आणि आज सकाळी इथल्या मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, दिवाळीपर्यंत मला खोली बदलून हवी आहे. त्या म्हणाल्या, का हो, तळमजला सोयीचा नाही का?

म्हटलं, फारच सोयीचा आहे. वरची द्या.

तुझी
स्नेहलता